"मॅडम, माझ्याकडे अनुभवच नाही": जेनेटिक काउन्सेलिंगला अप्लाय करणाऱ्यांसाठी

गेली दोनतीन वर्षं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बायोटेक नाहीतर झूलॉजी केलेली मुलं येतात, मुलीच जास्त, जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगायच्या कामात, मास्टर्स करायचंय म्हणतात आणि लगेच पुढचं वाक्य, "पण मॅडम, माझ्याकडे अनुभवच नाही, इथं कुणाच्या हाताखाली बसणार?" अडचण खरी आहे. मोठ्या शहरात एखाद्या जेनेटिक काउन्सेलरजवळ बसून काम बघता येतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही.

त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, तिची परवानगीही घेतलीय.

खानापूरकडची मुलगी. पहिल्या दिवशी प्लास्टिकची फाइल छातीशी धरून बसली होती, आत मार्कशीट, वर्कशॉपची सर्टिफिकेटं आणि पर्सनल स्टेटमेंटचा पहिला ड्राफ्ट. सुरुवात होती, "लहानपणापासून मला डीएनएचं आकर्षण आहे." मी वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं?

"आई, पप्पा, आजी, मी, लहान भाऊ."

"भाऊ काय करतोय?"

"आयटीआय करतोय. त्याला ऐकू येत नाही, जन्मापासून." आणि लगेच, "पण ते नको लिहायला मॅडम, दया मागितल्यासारखं होतंय."

मी काहीच बोलले नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, बरंचसं उत्तर त्याच्याकडेच असतं. या व्यवसायाची मुळंही तिथं पोचतात. 'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्द जेनेटिक्सचे अमेरिकन अभ्यासक शेल्डन रीड यांनी १९४७ ला वापरात आणला, अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात १९६९ ला पहिला मास्टर्स कोर्स सुरू झाला, आणि रॉजर्सची ऐकण्याची पद्धत पुढं त्या शिक्षणात चांगलीच रुजली. म्हणून मी मुलांना म्हणते, तुम्ही दुसऱ्यांदा बायोलॉजीला नाही चाललाय, माणसांशी बोलायला चाललाय.

पुढच्या खेपेला मी तिच्यापुढं कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. "फॅमिलीचा चार्ट काढतात ना तुमच्यात, मला शिकव की."

ती खुलली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याला त्रास आहे त्याचं चिन्ह भरायचं, वारलेल्यावर तिरकी रेघ. आजी-आजोबा झाले, आत्या, काका झाले. भावाचा चौकोन तिनं गिरवून गिरवून काळा केला. मग पप्पांचा चौकोन आणि आईचा गोल जोडायला एक रेघ मारली आणि पेन्सिल तिथंच थांबली. बराच वेळ. बाहेर रिक्षा थांबली, गेली, आणि मग त्या रेघेखाली तिनं अगदी हलकी दुसरी रेघ मारली.

डबल रेघ म्हणजे नात्यातलं लग्न. पप्पांनी मामाची मुलगी केलेली.

"आजी अजून आईला म्हणते मॅडम, तुझ्या माहेरचंच काहीतरी आहे. आई काय बोलत नाही, भाकऱ्या थापत राहते."

मी एवढंच विचारलं, "तुझ्या आईचं माहेर म्हणजे पप्पांचं कोण लागतं?"

"आजोळ." आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आजीचंच माहेर की मॅडम ते!"

त्या खोलीत इतकी वर्षं बसते मी, असे क्षण थोडेच येतात. पुढचं सगळं तीच बोलली, मी नुसती ऐकत होते. जन्मापासूनच्या बहिरेपणाची जीन्समधली कारणं बरीचशी अशी असतात की आई आणि वडील दोघांकडून तीच बिघडलेली जीन यावी लागते, एकट्या आईकडून येऊन भागत नाही, दोघांना स्वतःला काहीच होत नाही आणि प्रत्येक बाळंतपणात पंचवीस टक्के शक्यता असते. भावाची टेस्ट झालेली नाही तेव्हा त्याचं तसंच आहे म्हणता येणार नाही, हेही तिनंच सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. मग म्हणाली, साध्या जोडप्यांतसुद्धा शंभरातल्या दोनतीन बाळांना काही ना काही गंभीर जन्मदोष असतो, मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात साधारण अजून दोनतीनाची भर पडते, म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच असतात.

मी विचारलं, "हे आईला कसं सांगशील?"

तिनं सांगितलं, आपल्या भाषेत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. मी म्हटलं, बघ, अनुभव नाही म्हणत होतीस.

कारण तोच अनुभव आहे. अकरा वर्षांची असल्यापासून ती दवाखान्यात डॉक्टरचं कन्नड आईला मराठीत आणि भावाला हातांनी सांगत आलीय. आपल्या सीमाभागातली मुलं दोनतीन भाषांत वाढतात आणि त्याला कुणी गुण समजत नाही. स्टेटमेंटमध्ये लिहा की!

आता कामाचं बोलते. अमेरिका-कॅनडात कोर्स साधारण दोन वर्षांचा, त्याला एसीजीसीची (तिथं या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे ना बघा, नाहीतर तिथल्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसताच येणार नाही. एमबीबीएस लागत नाही. जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी हे विषय झालेले असावेत, आपल्या बीएस्सीवाल्यांचं सायकॉलॉजी हमखास राहतं, ते आधी करून घ्या. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा बहुतेक ठिकाणी आता मागत नाहीत. २०१८ पासून तिथं मॅच पद्धत आहे, म्हणजे मुलाखतीनंतर तुम्ही कॉलेजांचा क्रम लावायचा, कॉलेजं तुमचा लावतात, एप्रिलमध्ये एकच जागा जुळते आणि ती बांधील असते, म्हणून जिथं फी झेपणारच नाही ते नाव यादीत घालू नका. भारतातही एमएस्सी आहेत, आणि बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग इंडियाचं सर्टिफिकेशन आहे. ऑनलाइन चार आठवड्यांच्या सर्टिफिकेटला मात्र भुलू नका, प्रत्यक्ष पेशंटसमोर, कुणाच्या तरी देखरेखीखाली किती काम मिळतं तेवढंच विचारा.

हाताखाली बसायला मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवर एखाद्या काउन्सेलरशी अर्धा तास बोला, रीतसर मेल करून वेळ मागा, दहातले दोघं तरी उत्तर देतात असा माझ्याकडच्या मुलांचा अनुभव. आणि बाकीचं गावातच आहे, मूकबधिर शाळा, मतिमंद मुलांची शाळा, हेल्पलाइन. सहा महिने नेमानं जा. दर वेळी घरी आल्यावर चार ओळी लिहून ठेवा, आज कुणी काय विचारलं आणि मला काय सांगता आलं नाही. मुलाखतीत हेच लागतं.

आणि घरातली गोष्ट लिहायची की नाही? लिहा, पण ती गोष्ट घरातल्या दुसऱ्या माणसाचीही असते हे विसरू नका. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौथा ड्राफ्ट तिनं भावाला वाचायला दिला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि परत दिला तो एकच शब्द निळ्या पेनानं खोडून, "बिचारा". बाकी सगळं राहू दे म्हणाला, हातांनीच.