थट्टा कुणाशी, टवाळी कुणाची?

प्रश्न असा आला आहे: ‘शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने दिवाळीला “शुभेच्या” असं लिहिलं. दुसऱ्याने लगेच विचारलं, “शुभे, च्या ठेवलास का?” सगळे हसले, लिहिणाराही हसला. पण पुढे महिनाभर तो काहीही लिहो, खाली “च्या” हजर. शेवटी तो वैतागला, “ही टवाळी पुरे.” उत्तर आलं, “अरे, साधी थट्टा केली!” शब्दकोश बघितला तर थट्टेपुढे टवाळी, टवाळीपुढे थट्टा. मग बरोबर कोण?’

आधी कबूल करतो, पहिल्या दिवशीचा च्या मलाही आवडला.

कोश जरा बाजूला ठेवा आणि वाक्यं करून बघा. ‘माझ्याशी थट्टा करू नकोस’, ‘तिच्याशी मस्करी चालली होती’ ही कानाला बरी लागतात. आता ‘माझ्याशी टवाळी करू नकोस’ म्हणा. जीभ अडखळते. टवाळी, टिंगल, कुचेष्टा यांना ‘शी’ खपत नाही, ‘ची’च लागते, उपहासाला ‘चा’. ‘शी’ आला की समोरचा खेळातला भिडू असतो. भांडणसुद्धा आपण त्याच्या‘शी’च करतो, म्हणजे त्याला उलट बोलायची सोय असते. ‘ची’ लागली की तो नुसता विषय उरतो. थट्टेला मात्र दोन्ही चालतात, आणि तुमच्या गटाची पंचाईत तिथेच झाली. ‘त्याच्याशी’ सुरू झालेली थट्टा ‘त्याची’ कधी झाली, ते करणाऱ्याच्या लक्षात आलं नाही.

क्रियापदंही चहाडी करतात. खिल्ली, टर, रेवडी या सगळ्या ‘उडवतात’. उडवायला समोरचा तयार असावाच लागतो असं नाही. पतंगाला कोण विचारतं? कोपरखळी मात्र बघा. कोपर पोचायला माणूस शेजारी, त्याच बाकावर बसलेला हवा. मला हा मराठीतला फार समजूतदार शब्द वाटतो. फिरकी मधली: क्षणभर समोरच्याला गिरकी येते, पण उलगडा झाला की तोही हसतो. न हसला तर फिरकी फसली म्हणायचं, दोष घेणाऱ्याचा.

आणखी एक. ‘मी तुझी थट्टा केली’ असं लोक सहज म्हणतात. ‘मी तुझी टवाळी केली’ असं आपण होऊन कोण म्हणेल? फारतर माफी मागताना. थट्टा हा बहुतेक वेळा करणाऱ्याचा शब्द आहे आणि टवाळी सोसणाऱ्याचा. त्यामुळे ‘थट्टाच तर केली’ हा बचाव ऐकताना तो कुणाच्या तोंडून येतोय तेवढं बघावं. शिवाय थट्टा ‘केली’ जाते आणि संपते. टिंगलटवाळी ‘चालू असते’.

शब्दांच्या पोटातही ही घसरण दिसते. ‘चेष्टा’ म्हणजे मुळात नुसती हालचाल, कृती. गीतेच्या ६ व्या अध्यायात ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ येतं, तिथे कुणी कुणाची मस्करी करत नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपण तिची थट्टा केली, आणि तीही पुरेना म्हणून ‘कु’ लावून कुचेष्टा. याहून गमतीची जोडी विडंबन आणि विटंबना यांची. दोन्ही एकाच संस्कृत धातूचे. एक साहित्यात मानाने मिरवतं, त्याचे संग्रह निघतात. दुसरी पुतळ्याची झाली की गावात बंद पुकारला जातो. एका ‘ड’चा ‘ट’ झाला, बस. बोलीत पुन्हा निराळं. कोल्हापूरकडे ‘चेष्टा करालास व्हय?’ हे जिवलगालाही विचारतात आणि भांडायला उभ्या ठाकलेल्यालाही. फरक आवाजाच्या पट्टीत. लिहिताना ती पट्टीच गळते, आणि पुढे चिकटवलेला हसरा चेहरा तिची जागा घेत नाही. तो चेहरा चिकटवणारा करणाराच असतो, सोसणारा नव्हे.

तेव्हा निकाल असा: दिवाळीच्या दिवशी झाली ती थट्टा, कोपरखळी म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यापासूनची टवाळी. दोघेही बरोबर आहेत, फक्त तारखा वेगळ्या.

जाता जाता: शुभ + इच्छा = शुभेच्छा. ‘इच्छा’तला च्छ तसाच राहतो, एवढं ध्यानात ठेवलं की चूक होत नाही. महिनाभर च्या पाजणाऱ्यांपैकी कुणी हे त्याला सांगितलं का, ते तुम्ही कळवलेलं नाही.