साडेसहा ते नऊची मस्ती

“तुमच्या मुलांना आवरा, नाहीतर कमिटीकडे तक्रार करावी लागेल.” सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत हा मेसेज पडला आणि दुसऱ्याच दिवशी मनीषाने समुपदेशनासाठी माझी वेळ घेतली. (नावं, वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला कुटुंबाची परवानगी आहे.) खुर्चीत टेकल्या टेकल्या तिने विचारलं, “मॅडम, खरं सांगा, माझी मुलं हायपर आहेत का? डॉक्टरांना दाखवू का?”

लहान मुलांचे आईवडील मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो हाच प्रश्न. विचारणाऱ्याच्या पोटात तेव्हा दोन भीती असतात. मुलात काही दोष तर नाही ना, आणि आपलंच कुठे चुकत तर नाही ना. म्हणून मी या प्रश्नाला कधी घाईने “काही नाही हो, मुलंच ती” असं उत्तर देत नाही. त्या उत्तराने आईला धीर येत नाही, उलट आपलं कोणी ऐकूनच घेत नाही असं वाटतं.

ईशान साडेसहा वर्षांचा, पहिलीत. रेवा चारची, ज्युनियर केजीत. मनीषाने मोबाइलमध्ये यादी करून आणली होती. आजीचा चष्मा पिठाच्या डब्यात. टीव्हीवर टूथपेस्टने काढलेला सूर्य. लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवणं. इंटरकॉमवरून वॉचमनला “तुमची आई बोलावतेय” म्हणून सांगणं. सोफ्यावरून जमिनीवर उड्या, ज्यावरून खालच्या मजल्यावरच्यांचा मेसेज आला. आणि यादीत अगदी शेवटी, बाकीच्यांसारखंच एका ओळीत: ‘रेवाने आजीच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट फोडलं.’

मी तिथेच थांबवलं. चष्मा आणि गोळ्या एका यादीतल्या गोष्टी नाहीत. गोळ्या, गॅसचं बटण, गॅलरीची खिडकी, फिनेल, मच्छर मारायच्या लिक्विडची बाटली, यांना मस्ती म्हणायचं नाही आणि इथे मुलाला समजावत बसण्यातही अर्थ नाही. चार वर्षांचं मूल पन्नास वेळा ऐकून एक्कावन्नाव्या वेळी हात घालणारच. तिथे बंदोबस्त मोठ्यांनी करायचा. त्याच संध्याकाळी गोळ्या कुलपाच्या कपाटात गेल्या पाहिजेत, घरातलं कोणी बाहेर पडताना आणि रात्री झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद झाला पाहिजे आणि ज्या खिडकीला ग्रिल नाही तिच्याखालचा दिवाण हलला पाहिजे. एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या घराला मी हे अगदी कठोरपणे सांगते.

पुढच्या वेळी मनीषाचा नवरा संदीपही आला, सोबत आजी. आजींनी पहिल्याच वाक्यात विषय मिटवला. “पोरं वांड आहेत, पण वाईट नाहीत. याचा बाप कमी होता का?” संदीप म्हणाला, “आम्ही मार खाऊनच मोठे झालो मॅडम. हिला हात उचलवत नाही, तिथेच बिनसतं.” मनीषा काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं मी मनात टिपून ठेवलं.

आता हायपर असण्याबद्दल. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) ज्या अटी आहेत, त्यातल्या काही पालकांनी माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांच्यामुळे मुलाचं शिकणं, मैत्री, रोजचं जगणं अडायला हवं. मी मनीषाला ईशानच्या वर्गशिक्षिकांना भेटायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “चुळबुळ करतो, बोलतोही खूप, पण काम पुरं करतो आणि रांगेत उभा राहतो.” रेवाबद्दल तर शाळेला काही सांगायचंच नव्हतं. एवढ्यावरून निदान होत नाही, तसंच शंका कायमची मिटतही नाही, पण घरात काय घडतंय ते आधी बघावं एवढं मात्र ठरलं.

घर बदलल्याला वर्ष झालं होतं. त्याआधी ही मंडळी परळच्या जुन्या चाळीत, आणि ती पाडल्यावर बिल्डरने दिलेल्या भाड्यावर लालबागला दुसऱ्या चाळीत. खोली १८० चौरस फुटांची, पण समोर लांबलचक गॅलरी, पंधरा उघडी दारं आणि दर दारात एक काकू किंवा आजोबा. ईशान तिथे संध्याकाळभर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. कुणाच्या तरी घरी भजी खाऊन यायचा. पडला तर उचलायला चार हात होते आणि खोडी काढली तर ओरडायलाही चार तोंडं. आता घर दुप्पट झालं, संडास घरात आला, लिफ्ट आली. दार मात्र बंद झालं. आजी म्हणाल्या, “समोरच्यांचं आडनाव मला अजून माहीत नाही.”

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबांचा आनंद मी समजू शकते. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेलं घर आहे ते, आणि सार्वजनिक संडासापुढची रांग कुणाच्याही वाट्याला पुन्हा येऊ नये. पण गॅलरी फुकटात जे काम करत होती, ते आता कुणीतरी ठरवून करावं लागतं, आणि हे नव्या घराची चावी देताना कुणी सांगत नाही.

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. रकाने चारच: वेळ, त्याआधी घरात काय चाललं होतं, मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं. संदीपचा विरोध होता. “दिवसभर चालूच असतं, लिहिणार किती?” तरी आजी दिवसभराचं सांगायच्या आणि मनीषा रात्री उतरवून घ्यायची.

आठवड्याने वही उघडली. दिवसभर चालूच नव्हतं. सकाळी जवळजवळ काही नाही, दुपारी एखादं. बाकी जवळजवळ सगळं संध्याकाळी साडेसहा ते नऊमध्ये कोंबलेलं. दुसऱ्या रकान्यात ‘मी कुकर लावत होते’, ‘आजींची मालिका’, ‘संदीप फोनवर’, ‘मी आणि आई बोलत होतो’. चौथ्या रकान्यात कुणीतरी धावत आलं होतं, ओरडलं होतं, दोनदा धपाटा घातला होता, दोनदा मोबाइल देऊन गप्प केलं होतं. ईशान अर्धा तास चित्र काढत बसला होता त्या दिवसाची नोंद समासात होती, आणि तिथे मोठ्यांनी काय केलं हे लिहायला काहीच नव्हतं. त्या अर्ध्या तासात त्याच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

मनीषाने ते पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे शहाण्यासारखं वागलं की आम्ही दिसत नाही, आणि टीव्हीला टूथपेस्ट लावली की तिघंही हजर.”

मारण्याचं कोडंही याच रकान्यात होतं. संदीपला मी उपदेश केला नाही, वहीच दाखवली. धपाट्यानंतर दहा मिनिटं शांतता आणि मग ईशानने रेवाला मारलेलं. पुढच्या दिवशीही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलांवर हात उचलायला मनाई आहे. आपण शिक्षकांकडून ज्याची अपेक्षा करतो, ती स्वतःकडून करायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, “पण राग येतो ना.” येतोच. राग आला की मुलाजवळून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचं, एवढं त्याने कबूल केलं. पुढे तो ते बहुतेक वेळा पाळतही होता.

मग दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी सातची शाळा, एक वाजता घरी, जेवून दोनला झोप, उठायला पाच. पाच ते साडेसहा मोबाइल, कारण आजींचे गुडघे दुखतात आणि दोघांना घेऊन खाली जाणं त्यांना झेपत नाही. साडेसहाला दिवा लावायच्या वेळी आजी मोबाइल काढून घेतात. तिथून धुमाकूळ. सव्वासातला मनीषा अंधेरीहून लोकलने प्रभादेवीला उतरून घरी येते. रात्री झोपायला साडेअकरा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. रेवाच्या वयाच्या मुलाला दिवसाला किमान १८० मिनिटं अंगाची हालचाल, त्यातला तासभर चांगला दमवणारा, बसून स्क्रीन पाहणं जास्तीत जास्त एक तास, आणि दुपारची धरून १० ते १३ तास झोप. रेवाच्या दिवसात धावण्याला जागाच नव्हती. झोपेचे तास कसेबसे भरत होते, पण उलट्या वेळी. पाचपर्यंत झोपलेलं मूल रात्री साडेनऊला कसं झोपेल? आणि रात्री उशिरा दमलेलं लहान मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, आणखी उधळतं. “अकरा वाजता तर अंगात येतं हिच्या” असं जे आजी म्हणत होत्या, ते झोपच होती.

आम्ही काय बदललं? दुपारची झोप साडेतीनला मोडायची. पाच वाजता मुलं खाली. यासाठी आजींनीच वाट काढली. लालबागच्या चाळीतल्या शेजारणीची मुलगी कॉलेज करते, ती आता यांच्याच परिसरात राहते. तिला महिन्याचे पैसे ठरवून पाच ते साडेसहा मुलांना बागेत न्यायचं काम दिलं. पैसे जातात हे खरं आहे, आणि सगळ्याच घरांना परवडणार नाही हेही. दुसऱ्या एका घरात तीन आयांनी वार वाटून घेतले होते आणि तेही छान चाललं.

दुसरा बदल मनीषाला पटला नाही. घरात शिरल्यावर हातपाय धुवायचे आणि पंधरा मिनिटं मुलांबरोबर जमिनीवर बसायचं, फोन पर्समध्येच, कुकर नंतर. ती उसळली. “मॅडम, मी अंधेरीहून उभी आलेली असते. मला कोण देतं पंधरा मिनिटं?” तिचं अगदी बरोबर होतं, आणि या प्रश्नाला बगल देऊन केलेलं समुपदेशन आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतं. म्हणून ठरलं असं की कुकर आजी सातलाच लावतील, संदीपची सकाळची ड्युटी असेल त्या आठवड्यात भाजी तो करेल, आणि मनीषा वर जाण्याआधी खाली बाकावर दहा मिनिटं एकटी बसेल. तिला याची फार टोचणी लागायची. मुलं वर वाट बघतायत आणि आपण इथे बसलोय. मी मात्र ती दहा मिनिटं सोडू दिली नाहीत.

तिसरं म्हणजे बोलण्याची पद्धत. स्वयंपाकघरातून “ईशान, नको म्हटलं ना!” असं ओरडलं की मुलाला फक्त आवाज ऐकू येतो. जवळ जायचं, नाव घ्यायचं आणि काय करायचं ते एकच सांगायचं: “उड्या गादीवर मार.” ऐकलं की लगेच दखल घ्यायची. साध्या खोडीकडे, म्हणजे तोंड वेडावणं, ओरडणं, मुद्दाम पाणी सांडणं, याकडे बघायचं नाही. सांडलेलं त्यानेच पुसायचं, भाषण न देता.

तिसऱ्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. “सगळं आणखी वाढलंय.” मी याची वाट पाहत होते आणि त्यांना आधी सांगूनही ठेवलं होतं. ज्या खोडीवर हमखास धावत येणारी माणसं अचानक येईनाशी होतात, ती खोडी मूल आधी दुप्पट जोरात करून बघतं. याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात आणि मुलाला कळतं की दुप्पट जोर लावला की काम होतं. आजींनी एकदा मोबाइल दिलाच. मी त्यांना म्हटलं, “आजी, एकदा दिला म्हणून काही बिघडत नाही, उद्या परत धरा.” पुढच्या दहा-बारा दिवसांत जोर ओसरला.

खालच्या मजल्यावर मनीषा आणि संदीप मुलांना घेऊन गेले. तिथल्या काकांना रात्रपाळी असते, संध्याकाळी ते झोपलेले असतात, हे तेव्हा कळलं. हॉलमध्ये जाड रबरी मॅट आली. काकांनी ईशानला त्यांची उठायची वेळ सांगितली. ईशान ती घड्याळात बघतो. कधी विसरतोही.

मस्ती थांबलेली नाही. थांबावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. लिफ्टची बटणं अजून दाबली जातात. पण साडेनऊ-दहाला दोघं झोपतात, धपाटा कित्येक दिवसांत पडलेला नाही, आणि मनीषा जेवताना बसून जेवते.

तुमच्या घरी चित्र वेगळं असू शकतं. शाळेतूनही सतत तीच तक्रार येत असेल, मूल आवडीच्या खेळातही टिकत नसेल, वारंवार स्वतःला इजा करून घेत असेल, बोलणं किंवा मिसळणं मागे पडलं असेल, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. चार-पाच वर्षांच्या मुलात एडीएचडीची शंका असली तरी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार पहिला उपाय गोळ्यांचा नसतो. आईवडिलांना मुलाचं वागणं हाताळायला शिकवणं हाच तो पहिला उपाय. म्हणजे तपासणीला जायला घाबरण्याचं कारण नाही.

शेवटच्या भेटीत मनीषाने विचारलं, गणपतीला कणकवलीला जाणार आहोत, तिथे वही न्यायची का? मी नको म्हटलं. तिथे मागचंपुढचं अंगण आहे, सात चुलत भावंडं आहेत आणि भरपूर मोठी माणसं. फक्त विहिरीच्या कठड्याची उंची विचारली. कठडा कमरेएवढाच आहे, म्हणून दिवसातल्या कुठल्या वेळी मुलांबरोबर कोण असेल ते संदीपने माझ्यासमोरच गावच्या काकांशी फोनवर बोलून ठरवून घेतलं.