इसार द्यावा आणि वाटही पाहावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिने अमेरिकेत एम.एस.साठी अर्ज केले होते. एका विद्यापीठाने शुल्कात काही सवलत देऊन प्रवेश दिला आणि जागा राखण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत ५०० डॉलर भरण्यास सांगितले. तिच्या मनातल्या विद्यापीठाने मात्र तिचे नाव प्रतीक्षायादीत ठेवले. ‘वाट दुसरीकडचीच पाहायची, तर परत न मिळणारे पैसे इथे भरावेत कशाला?’ असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

पैसे मुदतीच्या आत भरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सौदा ठरला की आपण इसार देता आणि माल उचलला नाही तर तो बुडणार, हे धरूनच देता. हे ५०० डॉलर त्याच जातीचे आहेत. ते वाचवण्यासाठी हातातली जागा सोडली आणि प्रतीक्षायादी हललीच नाही, तर मुलीचे वर्ष वाया जाईल. मात्र इसार एकाच ठिकाणी द्यावा. दोन विद्यापीठांत पैसे भरून दोन्ही जागा अडवून ठेवण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर तो ऐकू नये; त्यातली एक जागा आपल्याच कन्येसारख्या वाट पाहणाऱ्या कुणाची तरी असते.

यादीत तिचा क्रमांक कितवा, हे विद्यापीठ सांगत नाही, याचा आपल्याला राग आलेला दिसतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे वेटिंग बारावरून चारवर आले की आपल्याला धीर येतो, पण तिकडच्या याद्यांना बहुधा असा क्रमांकच नसतो. प्रवेश मिळालेल्यांपैकी काही जण येणार नाहीत, हे विद्यापीठाने गृहीत धरलेलेच असते. अंदाजापेक्षा अधिक जण गळाले तरच यादी उघडते, आणि तेव्हाही कोणत्या शाखेतली जागा रिकामी झाली यावर निवड अवलंबून असू शकते. आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांवर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू नये, असा तिकडच्या बहुसंख्य पदव्युत्तर विद्यापीठांचा संकेत आहे. त्यामुळे अनेक जण तोवर निर्णय रोखून धरतात आणि खरी हालचाल त्यानंतरच्या काही आठवड्यांत होते.

दर आठवड्याला ई-मेल पाठवण्याचा कन्येचा बेत मात्र थांबवावा. एकच पत्र, तेही दहाबारा ओळींचे, पुरेसे आहे. अर्ज केल्यानंतर लागलेल्या सत्राचे गुण त्यात असावेत आणि हरिपूरच्या पेवांच्या मातीवर ती जो प्रकल्प करीत आहे, त्याचे नवे निष्कर्ष असावेत. जमिनीखालच्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षे कोरडी कशी राहते आणि २००५ च्या महापुरात तीच पेवे निकामी कशी झाली, हा विषय जिओटेक्निकलच्या, म्हणजे माती आणि पायाच्या अभियांत्रिकीच्या, प्राध्यापकाला थांबून वाचायला लावील. (आमदारांचे शिफारसपत्र जोडण्याचा विचार कृपया सोडून द्यावा.) ‘जागा मिळाल्यास मी नक्की येईन’ हे वाक्य मात्र खरे असेल तरच लिहावे, आणि ते खरे आहे की नाही हे आपल्या हिशेबाच्या वह्या ठरवतील. प्रतीक्षायादीतून उशिरा मिळणाऱ्या प्रवेशासोबत शुल्कसवलत क्वचितच येते. तेव्हा दोन्हीकडचा दोन वर्षांचा पूर्ण खर्च राहण्याजेवण्यासह आजच मांडावा. जागा देऊ केल्यावर उत्तरासाठी काही दिवसच मिळतात आणि त्या घाईत असा हिशेब नीट होत नाही.

दरम्यान पहिल्या विद्यापीठाचे काम जणू तिकडेच जायचे आहे अशा रीतीने पुढे न्यावे, म्हणजे बँकेतील शिल्लक दाखवून आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रवेशपत्र) मागवावे आणि ३५० डॉलरचे सेविस शुल्क, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे शुल्क, भरावे. पुढे विद्यापीठ बदलले तर आय-ट्वेंटी नवे लागते, पण भरलेले सेविस शुल्क नव्या आय-ट्वेंटीवरील क्रमांकाकडे वळवून घेता येते. व्हिसाचे तसे नाही. ज्या विद्यापीठाचे आय-ट्वेंटी घेऊन मुलाखत दिली त्याचेच नाव व्हिसावर येते, आणि शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्रही त्याच विद्यापीठाच्या नावे झालेले असते. म्हणून मुंबईतील मुलाखतीची तारीख मिळाली की तिच्या आधीचा एक दिवस आपण घरात बसून वाट पाहण्याचा शेवटचा म्हणून ठरवावा. माझ्या मते ३१ मे च्या पुढे जाऊ नये.

त्या दिवसापर्यंत बोलावणे आले आणि हिशेब जुळला, तर पहिल्या विद्यापीठाला त्याच दिवशी लेखी नकार कळवावा आणि ५०० डॉलर खर्ची टाकावेत. बोलावणे आले नाही, तर प्रतीक्षायादीतून नाव काढून घेणारे दोन ओळींचे पत्र कन्येने स्वतः लिहावे. विमानाचे तिकीट व्हिसा हाती आल्यावर काढले तरी चालेल. दर वाढतील या भीतीने आताच काढू नये.