रोबोटिक्सची वही ‘फेअर’ करू नका

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमचे आठवी-नववीचे नऊ विद्यार्थी यंदा प्रथमच व्हेक्स रोबोटिक्स स्पर्धेत उतरत आहेत. रोबो पूर्ण झाला की शेवटच्या पंधरवड्यात सुवाच्य अक्षराच्या दोन मुलींकडून ‘इंजिनिअरिंग नोटबुक’ नीट लिहून घ्यावी, असे मी ठरवले होते. हे योग्य आहे का? वही संगणकावर ठेवली तर चालते का?

उत्तर : आपला बेत प्रयोगवहीच्या सवयीतून आला आहे. निरीक्षणे आधी कच्च्या कागदावर घ्यायची, मग चुका गाळून जर्नल फेअर करायचे आणि सही घ्यायची, असेच आपण सगळे शिकलो. इंजिनिअरिंग नोटबुक, म्हणजे रोबो घडवतानाचे निर्णय आणि चाचण्या टिपणारी वही; तिच्यात मात्र फेअर करताना जे गळते तेच सर्वांत मोलाचे असते. रोबो काय करतो हे परीक्षकांना मैदानावर दिसतेच. तो तसाच का बनवला आणि दुसरे कोणते पर्याय कशामुळे सोडून दिले, हे फक्त वही सांगू शकते.

एक उदाहरण घेऊ. वस्तू उचलणाऱ्या हाताला मुलांनी १२ दात्यांच्या गिअरवरून ३६ दात्यांचा गिअर फिरवला, हात झपाट्याने वर गेला, पण सलग दहा वेळा उचलल्यावर मोटर तापून मंदावली. व्हेक्सची ‘व्ही५’ मोटर ५५ अंश सेल्सिअसला पोहोचली की स्वतःची ताकद कमी करते, हे मुलांना त्या दिवशी प्रत्यक्ष कळले. मग त्यांनी ३६ऐवजी ६० दात्यांचा गिअर लावला. वेग तीन-पंचमांश झाला, पिळाचा जोर (टॉर्क) पाच-तृतीयांश पट झाला आणि दोन मिनिटांच्या पूर्ण सामन्यात हात मंदावला नाही. वहीत या दोन्ही चाचण्यांचे तक्ते, तापमान, हाताने काढलेली आकृती आणि ‘वेग सोडून जोर का घेतला’ याची चार वाक्ये हवीत. शेवटी लिहिलेल्या वहीत ‘आम्ही ६० दात्यांचा गिअर वापरला’ एवढेच उरते.

पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीला तारीख व लिहिणाऱ्याचे नाव, चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ आणि एकही पान न फाडणे, या शिस्तीमागे इतिहास आहे. अमेरिकेत १६ मार्च २०१३पर्यंत पेटंटचा हक्क आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे, तर आधी शोध लावणाऱ्याला मिळत असे. त्यामुळे अभियंत्याची बांधीव, साक्षीदाराच्या सहीची वही हा पुरावा ठरे. कायदा बदलला तरी वहीची शिस्त टिकली, आणि ती टिकली हे मला फार चांगले वाटते, कारण खोडलेली ओळ वाचता येत असेल तर विचार कुठे वळला तेही कळते.

दोन मुलींवर सारे लेखन सोपवू नका. ज्याने मोटर बसवली त्याने मोटरची नोंद करावी, अक्षर कसेही असो. परीक्षक संघाशी प्रत्यक्ष बोलतात, तेव्हा वहीतले आणि तोंडचे एकच असावे लागते. आपणही त्यात लिहू नये. काम विद्यार्थ्यांचेच असावे असा या स्पर्धेचा स्पष्ट नियम आहे. आपण फक्त प्रश्न विचारावेत : “हे का बदललेत? मोजलेत का?”

संगणकावरील वही व्हेक्समध्ये चालते. तरीही पहिल्या वर्षी मी कागदी वहीच सुचवेन, कारण ती कामाच्या टेबलावर उघडी राहते आणि आकृती तिथल्या तिथे काढता येते. प्रोग्रामचे बदललेले भाग छापून तारखेसह चिकटवावेत. पुढे फर्स्ट टेक चॅलेंज या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेत उतरलात, तर तिथे परीक्षकांसाठी मुखपृष्ठ वगळून कमाल १५ पानांचा पोर्टफोलिओ, म्हणजे कामाचा निवडक आढावा, देता येतो, आणि तोही अशाच वहीतून निवडून काढता येतो.

झालेल्या आठवड्यांचे काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. मागच्या तारखा घालून नोंदी रचू नका. आजची तारीख घालून ‘आतापर्यंतचे काम, आठवणीतून’ असा मथळा द्या, जुने फोटो चिकटवा आणि उद्यापासून प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटे वहीसाठी राखून ठेवा.