शाळेसाठी दीड लाख वर्गणी जमली आहे: डिजिटल बोर्ड घ्यावा की मुलांना टॅब?

दोन्ही नको. निदान पहिल्या फेरीत तरी नको.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट साठच्या थोडा वर, शिक्षक तीन. गावातल्या आणि बाहेर नोकरीला असलेल्या मंडळींनी मिळून दीड लाख जमवलेत. विक्रेत्याने पासष्ट इंची टच पॅनलचं, म्हणजे डिजिटल बोर्डाचं, प्रात्यक्षिक दाखवलंय, तर निम्म्या पालकांना वाटतंय की एवढ्या पैशांत दहा-बारा टॅब येतील. मी अशाच एका डोंगरातल्या शाळेत शिकवते, म्हणून दुकानाच्या बाजूने न सांगता वर्गाच्या बाजूने सांगते.

आधी वायरमन बोलवा. गंमत नाही. जुन्या खोल्यांमध्ये अर्थिंग धड नसतं, प्लग भिंतीतून लोंबत असतो, आणि आपल्याकडे वीज नेमकी परिपाठ संपल्यावर जाते. वायरिंग, अर्थिंग, दोन नवे बोर्ड, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) हे सगळं दहा हजारांच्या आसपास होतं. त्यावर एक इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी, साधारण पंचवीस हजार. हिशोब सोपा आहे: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-अवर. मोठा एलईडी टीव्ही १०० ते १५० वॅट खातो. इन्व्हर्टरची गळती धरली आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही असं ठरवलं, तरी शाळेचा दिवस आरामात निघतो. वर्गणीच्या फलकावर ‘इन्व्हर्टर’ हा शब्द शोभून दिसत नाही, त्यामुळे त्याला देणगीदार मिळत नाही. पण तो नसेल तर पॅनल काय आणि टॅब काय, फीत कापायच्या दिवशी चालतात.

आता पॅनलबद्दल. वस्तू वाईट नाही. आठवी-नववीच्या वर्गाला रोज भूमिती शिकवणारा शिक्षक असेल आणि तो स्वतः ते चालवायला उत्सुक असेल, तर मी घ्याच म्हणेन. पण तुमच्याकडे तीन शिक्षक सात इयत्ता सांभाळतात. पॅनल एका खोलीत बसणार, आणि त्या खोलीचा ताबा कुणाकडे यावरून जून महिनाभर चर्चा होणार. शिवाय ते बिघडलं तर तालुक्याला दुरुस्त करणारा मिळणं कठीण. साधा टीव्ही कुणीही उघडतो.

त्यातच विक्रेते सोबत ‘अभ्यासक्रम भरलेला’ पेनड्राइव्ह किंवा बॉक्स विकतात, त्याचे वेगळे पंधरा-वीस हजार लावतात. तो मुळीच घेऊ नका. पहिलीचं पुस्तक २०२५-२६ पासून बदललं, पुढच्या इयत्तांचीही क्रमाने बदलताहेत. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात आणि ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षण-अ‍ॅप २०१७ पासून फुकट आहे. तरी लोक तोच धडा कार्टूनच्या आवाजात ऐकायला पैसे मोजतात.

प्रोजेक्टरचंही कुणीतरी सुचवेल. खोली अंधारी करावी लागते, आणि अंधारात मुलं वहीत लिहू शकत नाहीत. माझ्यापुरता तिथेच विषय संपतो.

टॅबचा मोह मला कळतो, कारण मूल स्वतः हाताळतंय हे दिसतं. पण नुसतं यंत्र हातात दिल्याने काय होतं हे जगाने बरंच मोठं बिल भरून पाहिलंय. गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप देणारी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही आंतरराष्ट्रीय योजना आठवत असेल. आपल्याकडे २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पेरू देशाने तर ते लाखांनी घेतले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्षानंतरही गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. मुलांचा लॅपटॉपचा वापर वाढला होता, पण त्यांना काय शिकवायचं, कसं शिकवायचं हे जिथल्या तिथे राहिलं होतं.

याच्या उलट दिल्लीचं उदाहरण आहे. २०१५ मध्ये सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात ‘माइंडस्पार्क’ नावाच्या सॉफ्टवेअरवर बसवलं. दीड तासाच्या सत्रात अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवायला. साडेचार महिन्यांत गणितात चांगलीच प्रगती दिसली. सॉफ्टवेअर मुलाला त्याच्या इयत्तेचे प्रश्न देत नव्हतं, त्याच्या पातळीचे देत होतं. सहावीतलं मूल तिसरीच्या वजाबाकीवर अडलेलं असेल तर तिथून सुरुवात. आपल्या बहुवर्ग खोलीत नेमकं हेच शिक्षकाला जमत नाही, कारण माणूस एक आणि पातळ्या पाच.

म्हणून टॅब घ्यायचेच तर चार घ्या, साठ मुलांना वाटायला नको. मी तिसरीला जोडाक्षरं शिकवत असते तेव्हा चौथीची चार मुलं कोपऱ्यात बसून गणिताचा सराव करतात, वीस मिनिटांनी दुसरी चार. त्या वीस मिनिटांत तिसरी पूर्णपणे माझ्या वाट्याला येते. टॅबचा खरा फायदा तो, आणि तो टॅबच्या जाहिरातीत कधी लिहिलेला नसतो. चारच टॅब असले की चार्जिंगचा, कव्हरचा, पासवर्डचा घोळही आटोक्यात राहतो. बारा असले की शिक्षकाचा अर्धा तास केबल सोडवण्यात जातो.

आता मी घ्यायला सांगेन ती वस्तू: मोठा साधा अँड्रॉइड टीव्ही, आणि त्याला जोडलेला फोनचा कॅमेरा.

टीव्हीवर व्हिडिओ दाखवा असं मी म्हणत नाहीये. व्हिडिओ महिन्यातून चार-पाचदा ठीक. मी लहान असताना आम्ही दूरदर्शनवर बालचित्रवाणीचे शालेय कार्यक्रम बघायचो, आवडायचेही, पण वर्गातली एखादी मुलगी कुठे चुकली हे त्या पडद्याला कधी कळायची सोय नव्हती. फोन टेबलावर लोखंडी स्टँडला आडवा लावायचा, कॅमेरा खाली. त्याखाली मुलाची वही ठेवायची. ती वही मोठी होऊन सगळ्या वर्गाला दिसते.

एक प्रसंग सांगते म्हणजे मुद्दा कळेल. ४०२ वजा १६७. निम्म्या वर्गाचं उत्तर २३५ येतं, आणि चार-पाच मुलांचं हटकून ३६५. फळ्यावर मी बरोबर रीत करून दाखवली की ती मुलं माना डोलावतात आणि पुढचं गणित पुन्हा तसंच करतात. कॅमेऱ्याखाली ३६५ वाली वही ठेवली (नाव झाकून, हे महत्त्वाचं) आणि विचारलं, ‘हे उत्तर कसं आलं असेल?’ उत्तर बरोबर की चूक हे विचारायचंच नाही. मुलं डोकं लावतात. ‘बाई, यानं सातातून दोन वजा केले, सहातून शून्य, चारातून एक.’ म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. नियम सापडला की तो का चालत नाही हे मुलंच एकमेकांना सांगतात, शतक सुटं करून दहा दशक कसे करायचे ते काड्यांचे गठ्ठे आणून दाखवतात. मी मध्ये फार कमी बोलते. जुन्या पद्धतीत ती वही माझ्या टेबलावर आली असती, मी लाल फुली मारली असती, आणि त्या चुकीतलं सगळं डोकं फुलीखाली गेलं असतं.

हेच निबंधाला, नकाशाला, सुलेखनाला, चित्राला चालतं. मुलीने लिहिलेला परिच्छेद पडद्यावर आला की बाकीची पोरं त्यात चांगलं वाक्य शोधतात. पहिल्या आठवड्यात हसाहशी होते, मग बंद होते.

याच कॅमेऱ्याचे आणखी उपयोग आहेत. मोड आणायला ठेवलेल्या मटकीसमोर फोन टाइमलॅप्सवर लावून ठेवा, रात्रभराचा मोड अर्ध्या मिनिटात उगवतो. स्लो मोशनमध्ये पडणारा चेंडू बघा. आणि फोल्डस्कोप मागवा. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो, फोनच्या कॅमेऱ्यावर चुंबकाने बसतो. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, मुंगीचा पाय. सातवीच्या पुस्तकात पेशीची आकृती आहे, तिच्या भिंती खरोखर विटांसारख्या रचलेल्या असतात हे पोरांनी स्वतः पाहिलं की आकृती काढायला सांगावं लागत नाही. तो नीट जुळवायला मात्र धीर लागतो, पहिल्या तासिकेत बहुतेक धूसरच दिसेल.

नेट नसलं तरी ‘फेट’ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, चालतात. ती कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट, आणि त्यातली बरीच मराठीत आहेत. घरी नेटवर असताना उतरवून घ्यायची, शाळेत ब्राउझरमध्ये उघडायची. अपूर्णांकांची आणि विद्युत मंडलाची मी नेहमी वापरते. पण मंडलाला आधी खरा सेल, खरी वायर, खरा बल्ब. पडद्यावरच्या बल्बची वायर कधी सैल होत नाही, आणि बल्ब का पेटत नाही हे शोधण्यातच तो धडा असतो.

टीव्ही किती इंची? खोलीवर अवलंबून. शेवटच्या रांगेतलं मूल सहा मीटरवर बसत असेल तर अक्षराची उंची निदान तीन सेंटिमीटर हवी. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर उंच असतो. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळींमधली जागा धरली तर त्यावर सात-आठ ओळी मावतात. दुकानात इंग्रजी अक्षरं बघून ‘स्पष्ट दिसतंय’ म्हणू नका. मराठी मजकूर लावा आणि मागे उभं राहून अनुस्वार आणि रफार दिसतात का ते बघा. पहिले तेच गायब होतात. मला ५५ इंची बरा वाटतो, चाळीस हजारांच्या आसपास येतो.

फोन जोडण्याचंही दुकानातच तपासा. सी-टाइप ते एचडीएमआय केबल सगळ्या फोनांना चालत नाही. स्वस्त फोनांना बहुधा नाहीच. वायरलेस चालतं, पण चित्र किंचित मागे पडतं. वही दाखवायला त्याने अडत नाही. शिक्षकांचे फोन घेऊन जा, तुमचा नको, कारण रोज त्यांचाच लागणार आहे.

एक ब्लूटूथ स्पीकर घ्याच, चांगल्या आवाजाचा, तीन-चार हजारांचा. मुलांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करायचं, जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर, आणि पालकसभेत पालकांना दोन्ही ऐकवायचं. प्रगतिपुस्तकाकडे ढुंकून न बघणारा बाप ते ऐकायला थांबतो.

गावात कुणीतरी डिसले गुरुजींचं नाव काढेलच. रणजितसिंह डिसले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवणारे, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पण त्यांनी केलं काय? पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापला, म्हणजे घरात आधीच असलेला फोन शिकवण्याच्या कामाला लावला. त्या कल्पनेत वर्गासाठी नवं महागडं यंत्र कुठेच नव्हतं. त्यांच्या नावाने पॅनल विकणाऱ्यांना हे ऐकवा.

आता तुमच्या व्यवस्थापन समितीच्या हातातली गोष्ट, जी पैशांपेक्षाही आधी करायला हवी. वस्तू शाळेत आली की जडसंग्रह रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, तिची नोंद होते. उद्या ती फुटली, हरवली, तर तपासणीत शिक्षकाला उत्तर द्यावं लागतं, आणि बदली होताना चार्ज देईपर्यंत ती डोक्यावर असते. निर्लेखनाची, म्हणजे मोडकी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची, प्रक्रिया किती लांब ते कुणाही मुख्याध्यापकाला विचारा. मग शिक्षक काय करतो? टॅब कपाटात, किल्ली खिशात, वर कापडाचं कव्हर. पाहुणे आले की कव्हर निघतं. लोक म्हणतात गुरुजींना तंत्रज्ञान जमत नाही. अहो, जमतं सगळं, फोनवर रोज दहा माहित्या भरून पाठवतात ते. त्यांना भीती वसुलीची असते.

तेव्हा समितीच्या बैठकीत ठराव घ्या: वापरात झालेली मोडतोड समिती लोकवर्गणीतून भरून देईल, शिक्षकाकडून एक रुपयाही घेणार नाही. इतिवृत्तात लिहा, सह्या करा. त्यासाठी वर्गणीतले वीस हजार बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

ढोबळ हिशोब असा बसतो: वायरिंग दहा, इन्व्हर्टर-बॅटरी पंचवीस, टीव्ही चाळीस, स्पीकर चार, स्टँड-केबल-फोल्डस्कोप मिळून चार-पाच, राखीव वीस. एक लाख पाच हजारांच्या आत. उरलेल्यातून टॅब, पण ते दिवाळीनंतर, टीव्हीचा रोज वापर होतोय असं दिसलं तरच. भाव आमच्या तालुक्याच्या दुकानांतले आहेत, तुमच्याकडे थोडेफार हलतील.

वर्गखोलीची लांबी-रुंदी, खिडक्या कोणत्या बाजूला आणि फळा कुठे आहे एवढं मोजून खाली लिहा. टीव्ही कोणत्या भिंतीला लावायचा ते सांगते. खिडकीसमोरच्या भिंतीला लावलात तर दुपारी सगळ्यांना आपापलीच तोंडं दिसतील.