कल्पना चोरीला जाण्याची भीती

व्यवसाय सुरू करू पाहणारे तरुण समुपदेशनासाठी येतात तेव्हा पैसा, घरच्यांचा विरोध, नोकरी सोडावी की नाही, हे प्रश्न त्यांच्याबरोबर येतातच. पण ॲप किंवा संकेतस्थळ काढू इच्छिणाऱ्यांकडून एक चिंता मी अलीकडे फार वेळा ऐकते: "कल्पना कोणाला सांगितली आणि त्याने ती चोरली तर?" एका तरुणाबरोबर केलेल्या कामाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. त्याच्या संमतीने लिहीत आहे. त्याची किंवा त्याच्या गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

ठाण्यातील माझ्या खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्याने फोल्डरमधून दोन पानी कागद काढून माझ्यापुढे सरकवला. 500 रुपयांच्या मुद्रांकावर छापलेला तो गोपनीयतेचा करार होता आणि माझ्या नावाची जागा कोरी ठेवलेली होती. "मॅडम, आधी यावर सही करा, मग सांगतो," असे तो अगदी नम्रपणे म्हणाला. समुपदेशकावर गोपनीयतेचे बंधन असतेच आणि त्यासाठी वेगळ्या कराराची गरज नसते, हे मी त्याला समजावून सांगितले व सही केली नाही. त्या दिवशी पाऊण तास आम्ही त्याची झोप, पित्त आणि कार्यालयातील साहेब या विषयांवर बोललो. ज्या विषयासाठी तो आला होता त्याबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही.

दुसऱ्या भेटीत तो बोलला. वय चौतीस, माहिती तंत्रज्ञान कंपनीत बऱ्यापैकी नोकरी, पत्नी शिक्षिका, एक मुलगी. वडील कणकवली तालुक्यातील एका गावातून मुंबईत आले, गिरणीत लागले आणि 1982 च्या संपानंतर मिळेल ते काम करीत राहिले. त्यांची उमेदीची वर्षे लालबागमध्ये गावच्या मंडळाच्या खोलीत गेली होती. कोकणातील गावांची अशी मुंबईकर मंडळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको: वर्गणी, महिन्याची सभा, गणपतीला गावी जाण्यासाठी ठरवलेली एसटी, देवळाच्या जीर्णोद्धाराचा निधी आणि नव्याने मुंबईत उतरलेल्या मुलाला पथारी टाकण्यापुरती जागा. या साऱ्याला आज आपण जे नाव देतो ते सोशल नेटवर्क, एवढेच की त्या काळी ते एका खोलीत मावत असे. त्या तरुणाची कल्पना अशी होती की कोकणातील प्रत्येक गावाला आपले एक पान असावे, त्यावर गावकरी आणि मुंबईकर दोघेही असावेत, आणि पुढे ते संपूर्ण महाराष्ट्रात न्यावे. हे सांगून होताच त्याने माझ्या चेहऱ्याकडे असे पाहिले की जणू मी आता उठून कोणाला तरी फोन करणार होते.

कल्पना मला आवडली, पण आवडली म्हणून सांगून त्याची भीती जाणार नव्हती. भीती नेमकी कशाची आहे हे आधी पाहायला हवे होते, म्हणून मी त्याला त्याचीच बाजू मांडायला सांगितले. तो तयारीने आला होता. फेसबुकच्या संस्थापकाने आपली कल्पना घेतली, असा आरोप हार्वर्डमधील सहाध्यायांनी केला होता, 2004 मध्ये खटला झाला आणि 2008 मध्ये सुमारे साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली, हे सारे त्याला पाठ होते. उदाहरण खरे आहे आणि ते झटकून टाकण्यात प्रामाणिकपणा नव्हता. मात्र त्या प्रकरणात वाद निर्माण झाला तो ज्याच्याकडे संगणकीय काम सोपवले होते त्याच्याशी. ज्याच्या हाती आपण प्रत्यक्ष काम देतो त्याच्याशी लेखी करार हवाच. पत्नी, भाऊ, मंडळाचा खजिनदार आणि समुपदेशक यांच्यापासून दोन वर्षे तोंड मिटून बसण्याने तो करार होत नाही. शिवाय कायदा निव्वळ कल्पनेला संरक्षण देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच, आर. जी. आनंद यांच्या खटल्यात, कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो, असे स्पष्ट केले आहे. व्यवसायपद्धतीला आपल्याकडे पेटंटही मिळत नाही. नाव आणि बोधचिन्ह नोंदवता येते, लिहिलेल्या प्रोग्रॅमवर हक्क राहतो. यापुढचे वकिलाला विचारावे, असे मी त्याला सांगितले, कारण तो माझा प्रांत नव्हे.

मग आम्ही कागदावर आजवरच्या सोशल नेटवर्क संकेतस्थळांची एक यादी केली. फ्रेंडस्टर 2002 चे, मायस्पेस 2003 चे, ऑर्कुट आणि फेसबुक दोन्ही 2004 च्या आरंभीचे. ऑर्कुटचे नाव निघताच तो पहिल्यांदा हसला. महाविद्यालयात असताना संगणक केंद्रात तासाला पैसे मोजून मित्रांना स्क्रॅप, म्हणजे तिथले छोटे निरोप, लिहिल्याचे त्याला आठवले. भारतात इतके घरोघरी पोहोचलेले ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. गूगल प्लस 2011 मध्ये आले, त्याच्यामागे गूगलसारखी कंपनी होती, तरी 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी ते बंद करावे लागले. आपल्याकडचे कू 2020 मध्ये सुरू झाले, भारतीय भाषांमुळे गाजले आणि जुलै 2024 मध्ये थांबले. "यांपैकी कोणते कल्पना चोरीला गेल्यामुळे बंद पडले?" असे मी विचारले. तो बराच वेळ त्या यादीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "माणसं निघून गेली की बंद पडतं. किंवा पैसे संपले की."

येथे मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतील, म्हणजे भावनेमागचा विचार तपासणाऱ्या पद्धतीतील, एक साधी रीत वापरली, ती म्हणजे प्रत्येक उत्तराखाली पुन्हा "मग काय होईल?" असे विचारत जाणे. कल्पना चोरली तर? दुसरा कोणी साइट काढील. मग? त्याची चालेल. मग? माझी चालणार नाही. मग? लोक म्हणतील, हा दोन वर्षे रात्री जागला आणि कोणीच आले नाही. आणि मग तो थांबला. मोबाइल टेबलावर उपडा ठेवलेला होता, तो त्याने उचलून उघडला आणि माझ्यापुढे धरला. संकेतस्थळ तयार होते! चार महिन्यांपूर्वीच ते सुरू झाले होते. बाहेरच्या एका कारागिराकडून रचना करून घेण्यात एक लाख ऐंशी हजार रुपये गेले होते आणि पत्नीला त्याचा पत्ताही नव्हता. सात गावांची पाने होती आणि सदस्य होते बेचाळीस, त्यांतील बरेचसे आतेभाऊ आणि मावसभाऊ. मागील तीन आठवड्यांतील सगळे मजकूर त्याचे स्वतःचेच होते. "गणपतीला कोण कोण येणार?" या प्रश्नाखाली एकही उत्तर नव्हते.

चोरीची भीती ही पुष्कळदा अशा रिकाम्या पानावर घातलेली चादर असते, असे माझे मत या आणि इतर काही अनुभवांवरून झाले आहे. गुपित जपण्यात एक सोय असते. जे कोणाला दाखवले नाही त्याला कोणी नाकारूही शकत नाही, आणि न चालण्याचे खापर अजून न आलेल्या चोरावर फोडता येते. त्याच्या मनात "साइट चालावी" ही इच्छा नव्हती, "साइट चाललीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हा हट्ट होता. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी इच्छा आणि हट्ट यांत जो फरक केला तो अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण इच्छा माणसाला प्रयोग करू देते आणि हट्ट त्याला लपायला लावतो. हे त्याला पटायला तीन भेटी लागल्या. येथे मी ते चार वाक्यांत लिहिले म्हणून सोपे वाटते.

तो अभियंता असल्याने रिकामेपणाचे कारण मात्र एका बैठकीत, गणितानेच, त्याच्या ध्यानात आले. अशा संकेतस्थळाची किंमत सदस्यांच्या संख्येत नसते, त्यांच्यात किती जोड्या जुळू शकतात यात असते. बेचाळीस माणसे एकाच वाडीची असतील तर 861 जोड्या होतात. तीच माणसे सात गावांत सहा-सहा अशी विखुरली तर प्रत्येक गावात 15 आणि सगळ्या मिळून 105. आकडा लिहून झाल्यावर त्याने पेन खाली ठेवले. फेसबुकसुद्धा आरंभी एका हार्वर्डपुरते होते, मग काही मोजक्या विद्यापीठांत गेले, आणि सर्वांसाठी ते खुले झाले सप्टेंबर 2006 मध्ये. संपूर्ण कोकण एकदम घेण्याचा त्याचा बेत ही महत्त्वाकांक्षा नव्हती. एखाद्या ठिकाणी निश्चित उत्तर मिळण्यापासून केलेली ती सुटका होती. हे मी त्याला जरा कठोरपणे सांगितले आणि तो रागावला, त्यामुळे पुढची भेट त्याने आठवडाभर लांबणीवर टाकली.

तो परत आल्यावर मी त्याला गृहपाठ दिला. मंडळाच्या पुढच्या सभेला जायचे, संकेतस्थळाचे नावही काढायचे नाही, आणि लोक एकमेकांना काय काय विचारतात ते फक्त वहीत टिपायचे. ती वही मी पाहिली आहे. वर्गणी कोणाकडे थकली. एसटीच्या गट आरक्षणात किती जागा उरल्या. सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेला अमुक चुलत चुलता हल्ली वसईला राहतो की विरारला, त्याची सही हवी आहे. परळच्या रुग्णालयात गावचा माणूस आहे, रात्री कोण बसेल. मुलीसाठी स्थळ. गप्पा मारायला जागा हवी, असे एकानेही म्हटलेले नव्हते; गप्पा तर सभेच्या आधी आणि नंतर चालूच होत्या. शेवटी न राहवून त्याने वृद्ध खजिनदारांना विचारले की हे सगळे व्हॉट्सॲपच्या गटावर येत नाही का. त्यांचे उत्तर त्याने वहीत जसेच्या तसे लिहून घेतले होते: "येता सगळा, पण नंतर गावता खंय?"

येते सगळे, पण नंतर सापडत नाही. दोन वर्षे गुप्त ठेवलेल्या कल्पनेत हे एक वाक्य नव्हते, आणि ते मिळण्यासाठी एका संध्याकाळपुरते गप्प बसण्याव्यतिरिक्त काहीही करावे लागले नाही.

पत्नीला सांगण्याचा प्रसंग मात्र यापेक्षा अवघड होता. ती एका भेटीत बरोबर आली. पैशांविषयी ती फारशी बोलली नाही. "तुम्ही हे आधी बाहेरच्या मॅडमना सांगितलंत, मला नाही," एवढेच म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि मीही ते पुरवले नाही. पुढच्या अर्ध्या तासात मर्यादा ठरल्या त्या तिच्याच आग्रहाने: नोकरी सोडायची नाही, आणखी पन्नास हजारांपलीकडे खर्च नाही, आणि गणपती झाल्यावर पुढे जायचे की थांबायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे. मुदत आणि रक्कम ठरली की अपयशालाही आकार येतो. आकार नसलेल्या अपयशाची भीती झोप घालवते, असा माझा अनुभव आहे.

तिनेच आणखी एक प्रश्न विचारला, जो आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. बांधावरून भावकीत वाद आहेत, ते उद्या या पानावर आले तर शिव्या कोण काढून टाकणार, आणि ज्याच्या काढल्या तो घरी येऊन भांडणार कोणाशी? संकेतस्थळ चालवणे म्हणजे यजमानपद घेणे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावा लागतो आणि आलेल्या तक्रारीची 24 तासांत पोच द्यावी लागते. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, म्हणजे गावच्या दहावीतील मुलांना सहज सदस्य करून घेता येणार नाही. हे ऐकून तो खचेल असे मला वाटले होते. उलट काम आवाक्यात आणण्यासाठी त्याने स्वतःच सदस्यत्व प्रौढांपुरते ठेवले, खुली चर्चा काढून टाकली आणि सात गावांची पाने बंद करून एकच वाडी घेतली.

गणपतीच्या आधी त्या पानावर एसटीच्या जागांची यादी, गावातील आणि मुंबईतील माणसांचे पत्ते व फोन, आणि रुग्णालयाची निकड, एवढे तीनच विभाग होते. प्रत्येक माणसाला त्याने स्वतः फोन करून जोडले. वर्गणीचा हिशेब पानावर टाकायला मात्र मंडळाने साफ नकार दिला, कारण थकबाकी चारचौघांत दिसली तर माणूस सभेलाच येणार नाही, असे खजिनदारांचे म्हणणे पडले आणि मला ते शहाणपणाचे वाटते. एसटीची यादी लोक रोज पाहू लागले. रुग्णालयाचा विभाग तीनदा वापरला गेला.

यातून व्यवसाय उभा राहील का, हा प्रश्न अजून मोकळाच आहे. एका वाडीच्या जोरावर जाहिराती मिळत नाहीत, आणि मंडळाकडून वर्षाला ठरावीक रक्कम घेण्याची बोलणी चालू आहेत. मंडळाने ती पुढील सभेवर ढकलली, जसे मंडळे सर्वच गोष्टींचे करतात. गणपती झाल्यावर पती-पत्नी दोघे आले होते. त्यांनी शिमग्यापर्यंत चालू ठेवायचे ठरवले आहे, खर्चाची मर्यादा न वाढवता. शेजारच्या गावातील एका मुलाने हेच पाहून आपल्या गावासाठी तसेच पान काढायला घेतले आहे, हेही त्यांनी सांगितले. मी त्याच्याकडे पाहिले. "त्याला आमची यादीची पद्धत दिली मी," तो म्हणाला, "दोन्ही गावांची एसटी कणकवलीपर्यंत एकच असते, जागा उरल्या तर भरता येतील."