दूध पुरत नाही, असं वाटतं तेव्हा

प्रश्न : ताई, मी वडगाव शेरीला राहते. मुलगी सात आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा २.८ किलो होती, परवा ३.९ भरली. तिन्हीसांजेला किरकिरते, सारखी अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही. दवाखान्यातून निघताना पावडरचा डबा फुकट मिळाला होता; आठवडाभर संध्याकाळी त्यातली एक बाटली देतेय. साडेतीन महिन्यांनी खराडीचं ऑफिस सुरू होईल. काय करू?

उत्तर : सात आठवड्यांत अकराशे ग्रॅम! अगं, उपाशी लेकरू असं भरत नाही. सासूबाईंना हा आकडा सांग आणि दिवसरात्रीत किती लंगोट ओले होतात ते त्यांनाच मोजू दे. सहा किंवा जास्त झाले की दूध पुरतंय. या वयाची पुष्कळ बाळं तिन्हीसांजेला अशीच तास-दोन तास चिकटून राहतात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध उतरतं. बाटली दिली की तेवढं ओढणं चुकतं, आणि मग दूध खरोखरच कमी होऊ लागतं. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं मी हेच पाहत आले.

त्या डब्याचा मला फार राग आला. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला, असा फुकट नमुना द्यायला सरळ मनाई करतो. डबा हातात घेऊन बघ : वर बाळाचं चित्र नाही, आईचं दूध सर्वोत्तम अशी सूचना आहे. तीही कायद्यानेच छापायला लावलेली. टाके दुखत असलेल्या, पहिलटकरणीच्या हातात हा डबा देणं म्हणजे तुझं दूध पुरणार नाही असं तिला आधीच सांगून टाकणं. डॉक्टरांनी काही कारणाने पावडर लिहून दिली असेल तर त्यांना विचारूनच बंद कर. नसेल, तर उद्या संध्याकाळी बाटलीऐवजी अंगावरच घे.

आता ऑफिस. पगारी रजा २६ आठवड्यांची. रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन सुट्ट्या हा तुझा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघरही हवं, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. एचआरला आत्ताच लेखी विचार. वडगाव शेरीहून खराडी जवळ, पण भर दुपारी येणं-जाणं जमलं नाही तर त्या सुट्टीत दूध पिळून ठेव. ते बाटलीने नको, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून सासूबाईंना तशी सवय करू दे. बोंडलं त्यांच्याकडे असेलच.